घरोघरी की मोबाईलवर? बेळगाव सीमाभागात नेटवर्क मार्केटिंग उभं करताना

नेटवर्क मार्केटिंग, म्हणजे कंपनीचा माल स्वतः विकायचा आणि विकणारी आणखी माणसं आपल्याखाली जोडायची. ते जुन्या पद्धतीनं घरोघरी जाऊन करावं की ऑनलाइन, असं विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा वेगळाच प्रश्न असतो: लोकांच्या दारात न जाता हे जमेल का? बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात तरी नाही जमत. दुकानात न मिळणारा साबण किंवा डब्यातली प्रोटीन पावडर माणूस इथे पहिल्यांदा घेतो तो समोरच्याच्या तोंडाकडे बघून. दुसऱ्यांदा घेताना मात्र तुम्ही दारात आलेलं त्याला नकोच असतं, फोनवर काम झालेलं बरं वाटतं. त्यामुळे दोन पद्धतींची निवड करत बसू नका, कामं वाटून घ्या. पहिली ऑर्डर समोरासमोर, दुसरीपासून पुढच्या फोनवर. खालच्या सगळ्या पायऱ्या याच वाटणीवर बेतलेल्या आहेत.

कंपनी तपासा, तीही कागदावर

या धंद्याला सध्या लागू असलेले नियम म्हणजे ग्राहक संरक्षण (थेट विक्री) नियम, २०२१. ते २८ डिसेंबर २०२१ ला अधिसूचित झाले. त्यांतल्या चार गोष्टी आयडी लावण्याआधी, म्हणजे विक्रेता म्हणून कंपनीत नाव नोंदवण्याआधी, बघा. एक, जॉइनिंग फी किंवा नोंदणी फी घेता येत नाही, आणि नमुन्याचं साहित्य विकत घ्यायची सक्तीही करता येत नाही. दोन, तुमच्याशी लेखी करार झाला पाहिजे. तीन, त्या करारात कूलिंग-ऑफ मुदत हवी, म्हणजे ज्या काळात तुम्ही दंड न भरता करार मोडू शकता ती मुदत. किती दिवसांची आहे ते शोधून पेनानं गोल करून ठेवा. चार, कंपनीचं नोंदणीकृत कार्यालय भारतात हवं, आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव व संपर्क वेबसाइटवर हवा.

“फी नाही, फक्त आठ हजारांचं पॅकेज घ्या” हे वाक्य कानावर आलं की थांबा. पॅकेज न घेता आयडी चालू राहतो का, हे लेखी विचारा. उत्तर फिरवाफिरवीचं आलं तर तीच फी आहे, नुसतं नाव बदललेलं.

प्लॅन, म्हणजे पैसे कसे मिळतात ती योजना, समजून घेताना फळ्यावरचे माणसांच्या साखळीचे गोल बाजूला ठेवा आणि एकच हिशेब विचारा: एकही नवीन माणूस न जोडता महिन्याला २० हजारांचा माल बाहेरच्या गिऱ्हाइकाला विकला, तर माझ्या हातात किती येतात? उत्तर शून्य किंवा नगण्य असेल तर पैसा मालातून येत नाही, माणसं जोडण्यातून येतो. अशा योजनांवर १९७८ च्या प्राइझ चिट्स आणि मनी सर्क्युलेशन बंदी कायद्यापासून बंदी आहे. प्रत्येकानं सहा जण जोडायचे म्हटलं तर नवव्या थराला १,००,७७,६९६ माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेत अख्ख्या बेळगाव जिल्ह्याची लोकसंख्या ४७ लाख ७९ हजार होती. सेमिनारला हे गणित पाचव्या थरापर्यंतच दाखवतात, ते उगीच नाही.

माल नसलेल्या योजना, म्हणजे ‘ठेव ठेवा आणि दरमहा टक्के घ्या’, क्रिप्टो, सोन्याच्या साखळी योजना, यांचा इथे विचारच केलेला नाही. ते नेटवर्क मार्केटिंग नव्हे.

कागदपत्रं आणि सीमेवरची अडचण

पॅन कार्ड कंपनीला द्याच. वर्षाचं कमिशन २० हजारांवर गेलं की कंपनी सध्याच्या दरानं २ टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, कापते. पॅन नसेल तर २० टक्के. कापलेली रक्कम विवरणपत्र भरल्यावर परत मिळू शकते, पण त्यासाठी विवरणपत्र भरावं लागतं.

जीएसटीचा भाग इथल्या लोकांनी नीट वाचावा, कारण पुण्या-मुंबईचा अपलाइन, म्हणजे तुम्हाला जोडणारा वरचा माणूस, हे सांगत नाही. त्याला ही अडचण येतच नाही. कर्नाटकातल्या कर्नाटकात फक्त मालच विकत असाल तर वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. कमिशन ही सेवा धरली जाते, ते मिळत असेल तर माल धरून एकूण मर्यादा २० लाख, आणि कंपनीचं ऑफिस दुसऱ्या राज्यात असलं तरी तीच मर्यादा चालते. पण स्वतःच्या बिलावर करपात्र माल राज्याबाहेर विकला की पहिल्या रुपयापासून नोंदणी सक्तीची होते. आणि आपली माणसं कुठे असतात? मावशी चंदगडला, नणंद गडहिंग्लजला, भाऊ कोल्हापूरला, मुलगी पणजीला. निपाणीकराला कोल्हापूर जवळ, बेळगाव लांब. यावर साधा उपाय आहे. पलीकडच्या गिऱ्हाइकाला स्वतःच्या स्टॉकमधून माल देऊ नका. कंपनीच्या अ‍ॅपवरून किंवा तुमच्या रेफरल लिंकवरून (जिच्यावरून आलेली ऑर्डर तुमच्या खात्यावर धरली जाते) त्याच्याच नावानं, त्याच्याच पत्त्यावर ऑर्डर टाका. बिल कंपनीचं, कर कंपनीचा, तुम्हाला कमिशन. रेफरल लिंकची सोय नसलेली कंपनी सीमाभागातल्या माणसाला अर्धीच उपयोगाची.

खाद्यपदार्थ किंवा सप्लिमेंट विकणार असाल तर एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी हवी. लहान विक्रेत्याला तिची फी वर्षाला १०० रुपये पडते. आणि घराबाहेर पिकअप सेंटरचा बोर्ड लावणार असाल तर कर्नाटकातल्या नियमानुसार त्यावर ६० टक्के कन्नड हवं. या कारणावरून भांडण ओढवून घेण्याइतका मोठा हा धंदा नाही. घरातून करा, बोर्डच लावू नका.

पहिला माल: किती आणि कोणता

३ ते ५ हजारांपेक्षा जास्त माल घरात आणू नका. महिना-दीड महिन्यात संपणाऱ्या पाच-सहा वस्तू पुरेत: कपड्यांचं लिक्विड, भांड्यांचं लिक्विड, टूथपेस्ट, अंगाचा साबण, चहा. दोन-अडीच हजारांचा सप्लिमेंटचा डबा पहिल्या तीन महिन्यांत आणूच नका. तो विकला जातो तो ओळखीच्या भिडेखातर, आणि भिडेखातर घेणारा दुसऱ्यांदा फोन उचलत नाही.

निवड करण्याआधी गणपत गल्लीत किंवा तुमच्या गावच्या किराणा दुकानात त्याच प्रकारच्या वस्तूचा भाव आणि वजन लिहून आणा. तुमची वस्तू प्रत्येक वापरामागे दुकानापेक्षा दीडपटीहून महाग पडत असेल तर ती यादीतून काढा, कंपनी तिच्यावर कितीही बीव्ही, म्हणजे कमिशन मोजायचे गुण, देत असली तरी.

नावांची यादी

जुन्या पद्धतीतलं हे सर्वांत कंटाळवाणं आणि सर्वांत उपयोगी काम. दोनशे पानी वहीत शंभर नावं लिहा. प्रत्येक नावापुढे गाव, घरात माणसं किती, बोलायची भाषा, पैसे हातात कधी येतात, आणि घरात इंटरनेट नीट चालतं का, एवढं लिहा. शेवटचे दोन रकाने लोक गाळतात आणि तिथेच अडतात. उद्यमबागच्या कारखान्यातल्या कामगाराच्या घरी महिनाअखेरीला गेलात तर “पुढच्या आठवड्यात बघू” हेच ऐकाल. पगारानंतरच्या चार दिवसांत तेच घर घेतं. वडगाव-शहापूरकडच्या विणकर वस्तीत मजुरी आठवड्याला मिळत असेल तर तिथे लहान पॅक लागतो. निपाणी भागात तंबाखूचे पैसे आल्यावर आणि उसाच्या पट्ट्यात बिल जमा झाल्यावर मोठी ऑर्डर होते. खानापूरच्या पश्चिमेला जुलै-ऑगस्टमध्ये, रोप लावणीच्या आणि मुसळधार पावसाच्या दिवसांत, जाऊच नका. ना माणूस घरी सापडतो, ना त्याचं लक्ष असतं.

यादीतून दोन प्रकारची माणसं वगळा: तुम्ही ज्यांचे पैसे देणं लागता ती, आणि जी तुमच्या हाताखाली काम करतात ती. पहिल्यांना राग येतो, दुसऱ्यांना नाही म्हणता येत नाही.

घरातली बैठक

सहा ते दहा बायका, दुपारी तीन ते पाचच्या दरम्यान, चाळीस मिनिटं. यजमानीण ओळखीची, बाकीच्या तिच्या ओळखीच्या. आधी वेळ ठरवून आणि ओळखपत्र घेऊनच जायचं. २०२१ च्या नियमांत हे दोन्ही बंधनकारक आहे. दारात पाय ठेवल्याबरोबर कंपनीचं नाव आणि येण्याचं कारण सांगा. “सहज भेटायला आले” म्हणून बसायचं आणि वीस मिनिटांनी पिशवी उघडायची, ही जुनी युक्ती नियमात बसत नाही आणि दुसऱ्यांदा चालतही नाही.

एका बैठकीत दोनच वस्तू दाखवा. कपड्यांचं लिक्विड घेतलं तर बरोबर पाच मिलीचं मापाचं झाकण, दोन पारदर्शक बाटल्या आणि शाळेच्या गणवेशाची मळकी कॉलर. पाणी त्याच घरातलं घ्या. बोअरच्या जड पाण्यात फेस कमी येतो, हे आधी सांगून टाका. दाखवताना कळलं तर माल खोटा ठरतो.

मग हिशेब, मोठ्यानं. समजा अर्धा लिटरची बाटली ३२० रुपयांना आहे आणि एका बादलीला पाच मिली लागतं. शंभर बादल्या, म्हणजे बादलीला ३ रुपये २० पैसे. हा माल नेमका फसतो तो इथेच. घरी गेल्यावर बाई बाटलीच्या मोठ्या झाकणानं ओतते, ते झाकण पंधरा मिलीचं. बाटली तेहतीस बादल्यांत संपते, बादली ९ रुपये ६० पैशांना पडते, आणि “तुमचं लई महाग” असा निरोप येतो. तिचं चुकत नाही. प्रत्येक बाटलीबरोबर लहान माप फुकट द्या, चार-पाच रुपयांत येतं, आणि बाटलीवर मार्करनं ‘१ बादली = १ माप’ लिहून द्या.

ऑर्डर छापील फॉर्मवर घ्या: वस्तू, एकूण किंमत, देण्याची तारीख, परत करायची पद्धत. आगाऊ पैसे नकोत. उधारी एका घराला एकाच बाटलीची, त्याहून पुढे नाही. “तुम्ही आणखी चार जणी दिल्यात तर तुमची बाटली फुकट पडेल” असं सांगून विक्री करायला नियमांत मनाई आहे, आणि हे वाक्य सर्रास वापरलं जातं.

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंतचं हळदीकुंकू ही वर्षातली सर्वांत मोठी संधी. पण दुसऱ्याच्या घरच्या हळदीकुंकवात विक्री करू नका. वीस-तीस रुपयांचे लहान साबण किंवा पाऊच वाणासाठी म्हणून यजमानणीला विकत द्या. एका घरातून वीस-पंचवीस घरांत वस्तू पोचते, आणि तिथून येणारी चौकशी त्यांनी स्वतःहून केलेली असते. भिशी आणि स्त्रीशक्ती संघाच्या (महिला बचत गटाच्या) बैठकांत मात्र जपून राहा. तिथले पैसे कर्जाचे किंवा बचतीचे असतात. संघाचं कर्ज काढून आयडी लावलेल्या बाईचा हप्ता थकला तर तुम्हीही त्या गल्लीतून उठलात असं समजा.

फिरण्याचा खर्च हा जुन्या पद्धतीचा मोठा तोटा. कर्नाटकात जून २०२३ पासून शक्ती योजनेमुळे राज्यातल्या राज्यात साध्या सरकारी बसनं महिलांना फुकट जाता येतं, त्यामुळे बेळगाव-खानापूर किंवा बेळगाव-निपाणी फेरी बायकांना फुकटात पडते. पुरुषांनी एका दिशेची गावं एकाच दिवशी घ्यावीत: उचगाव-कडोली एक दिवस, येळ्ळूर वेगळा दिवस.

फोनकडे वळताना

बैठक झालेल्या प्रत्येकीला त्याच दिवशी विचारा, “ऑर्डरसाठी माझा नंबर सेव्ह करता का?” आणि समोर करून घ्या. हा शिष्टाचार नव्हे, तांत्रिक गरज आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीत, २५६ जण बसतात, पण ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे त्यांनाच निरोप जातो. दोनशेंची यादी करून “कुणी उत्तर देत नाही” म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा निरोप पोचलेलाच नसतो.

वेगळं सिम घेऊन व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस सुरू करा. कॅटलॉगमध्ये फोटो स्वतः काढलेले टाका, हातात धरलेले, म्हणजे बाटलीचा खरा आकार कळतो. लेबल चार पुरतात: ‘पहिली ऑर्डर’, ‘दुसरी ऑर्डर’, ‘सीमेपलीकडे’, ‘विचारून थांबले’. ब्रॉडकास्ट याद्या भाषेनुसार वेगळ्या करा. मराठी यादीत कन्नड आणि कन्नड यादीत मराठी निरोप गेला की कुणीतरी दुखावतंच. कंपनीच्या डेपोत कन्नड आणि इंग्रजी पत्रकंच असतील तर मराठी पत्रक कंपनीकडून मागून घ्या; स्वतः भाषांतर करून वाटू नका, कंपनीनं मंजूर न केलेलं साहित्य वाटायला मनाई आहे. जांबोटी-कणकुंबीकडच्या गिऱ्हाइकाला व्हिडिओ पाठवून उपयोग नाही, सिग्नल मिळेल तेव्हा उघडेल असा एक फोटो आणि वीस सेकंदांचा आवाजी निरोप पाठवा. वाचता न येणाऱ्या आजीलाही तोच चालतो.

विक्रीनंतरचे तीन फोन वहीत तारखेनं लिहून ठेवा. तिसऱ्या दिवशी: माप कसं वापरता? बाराव्या दिवशी: काही त्रास, खाज, वास? पंचविसाव्या दिवशी: किती उरलं? ऑर्डर या तिसऱ्या फोनला येते, पण पहिला न केलेल्याला तिसऱ्याला उत्तर मिळत नाही.

ग्रुप काढू नका. एका असमाधानी बाईचा एक निरोप पन्नास जणींना दिसतो, आणि तुमच्याच डाउनलाइनमधला, म्हणजे तुमच्याखाली जोडलेल्यांपैकी, कुणीतरी तिथून गिऱ्हाईक उचलतो.

फेसबुक, इन्स्टाग्राम आणि जाहिराती

इथे बहुतेकांचे पैसे वाया जातात. कमी गुंतवणुकीत झटपट कमाई सांगणाऱ्या जाहिराती, मल्टिलेव्हल मार्केटिंगची संधीही त्यातच, मेटाच्या जाहिरात धोरणात बसत नाहीत. ‘घरबसल्या महिन्याला ५० हजार’ टाकलंत तर जाहिरात नाकारली जाईल, वारंवार केलंत तर खातं बंद होऊ शकतं. वस्तूची जाहिरात मात्र करता येते. दिवसाला १०० ते १५० रुपये, सात दिवस, आणि परिणाम मोजायचा तो लाइकवर नाही, आलेल्या निरोपांवर.

सीमाभागात दोन खुब्या लक्षात ठेवा. निपाणीवर पिन ठेवून पंचवीस किलोमीटरचं वर्तुळ काढलंत तर कागलही आत येतं आणि मघाची जीएसटीची भानगड सुरू होते; वर्तुळ लहान करा किंवा पलीकडची गावं वगळा. दुसरं, भाषेच्या रकान्यात ‘मराठी’ निवडू नका. आपल्याकडच्या बऱ्याच मराठी माणसांचा फोन इंग्रजीत असतो, ते सगळे गळतात. जाहिरातच मराठीत लिहा, वाचणारा आपोआप थांबतो.

रीलमध्ये काय दाखवायचं? तीच मळकी कॉलर आणि तेच माप, तीस सेकंद. चेक, गाडी, विमानतळ नको. आजाराचा उल्लेख तर अजिबात नको. मधुमेह, लठ्ठपणा, कॅन्सर बरा होतो असं सांगणारी जाहिरात १९५४ च्या औषधे आणि जादूटोणा उपाय कायद्यात गुन्हा आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅप स्टेटस म्हणजे खासगी गप्पा नव्हेत. “माझ्या काकांची शुगर उतरली” हे खरं असलं तरी लिहू नका. पोस्टमध्ये तुम्ही विक्रेते आहात हे स्पष्ट लिहा.

टीम: तिसऱ्या ऑर्डरनंतरच

ज्यानं स्वतःहून तीनदा माल घेतला त्यालाच टीमबद्दल विचारा. ऑनलाइन जाहिरात बघून आलेला अनोळखी माणूस पटकन जोडला जातो आणि तितक्याच पटकन गळतो, कारण त्यानं माल वापरलेला नसतो. प्लॅन ऑनलाइन सांगणार असाल तर पंचवीस मिनिटांत आटपा. झूमची फुकट बैठक चाळीस मिनिटांनी तुटते आणि नेमके प्रश्न राहून जातात.

जोडलेल्या प्रत्येकाच्या पहिल्या पाच घरगुती बैठकांना सोबत जा: दोनांत तुम्ही बोला, दोनांत तो अर्धं बोलेल, पाचवीत तुम्ही गप्प बसा. म्हणजे एका वेळी तीनपेक्षा जास्त नवी माणसं सांभाळता येत नाहीत. सेमिनारमधल्या ‘आठवड्याला दहा’ या घोषणेला हा हिशेब कुणी विचारत नाही. पूर्वेकडच्या कन्नड गावांत कन्नड नीट बोलणारा साथीदार असल्याशिवाय टीम बांधू नका.

महिनाअखेरीला ‘रँक वाचवायला’, म्हणजे कंपनीतला हुद्दा टिकवायला, स्वतःच्या खिशातून माल उचलायचा दबाव वरून येईल. तो माल कपाटात मुदत संपेपर्यंत पडतो. सरळ नाही म्हणा. बाहेरच्या गिऱ्हाइकांकडून न आलेला व्हॉल्यूम, म्हणजे विक्रीचा आकडा, पुढच्या महिन्यात पुन्हा तुम्हालाच विकत घ्यावा लागतो.

महिन्याचा हिशेब

उदाहरणादाखल: २० हजारांची विक्री, नफा २० टक्के धरला तर ४,०००. त्यातून प्रवास ६००, नमुने ५००, फोन २००, दिलेली सूट ७००, बुडालेली उधारी ४००. उरले १,६००. त्यासाठी ४८ तास गेले असतील तर तासाला साधारण ३३ रुपये. कमिशनचा आकडा यात मिळवा, पण वेगळ्या रकान्यात. मग दुसरी ऑर्डर देणारी घरं मोजा. ती दरमहा वाढत असतील तर प्रवासाचा खर्च आपोआप उतरतो, कारण त्या ऑर्डरी फोनवर येतात. सलग तीन महिने ती वाढत नसतील तर आधी वस्तू बदला, मग पद्धत, आणि तरीही नाही तर कंपनी सोडा.

सोडताना न विकलेला, न फोडलेला माल करारातल्या मुदतीत परत करा. प्रत्येक बाटलीचा बॅच नंबर आणि मुदत दिसेल असा फोटो काढा, बिलाची प्रत जोडा, आणि परतीचा अर्ज ईमेलनंच पाठवा. अपलाइनच्या तोंडी आश्वासनावर माल देऊन टाकू नका. कंपनीनं तक्रार मिळाल्याची पोच ४८ कामकाजी तासांत द्यायची असते आणि साधारण महिन्याभरात ती निकाली काढायची असते. नाही झालं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. ऑनलाइन पैसे भरून फसला असाल तर आधी १९३०, तेही त्याच दिवशी, कारण पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधीच ते अडवता येतात.